अठरा-एकोणीस वर्षांच्या रायडरसाठी सेकंड हँड टूरिंग बाईक कशी निवडायची?

अठरा पूर्ण झाले, लायसन्स हातात आलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाडी कोणती घ्यायची? यूट्यूबवर लडाखचे व्हिडिओ बघून झालेले असतात, मित्रांबरोबर कोकणचा प्लॅन ठरलेला असतो आणि नवीन गाडीची ऑन-रोड किंमत ऐकून घरच्यांनी मान हलवलेली असते. मग मोर्चा सेकंड हँड गाड्यांकडे वळतो. तिथे प्रत्येक जाहिरातीत तेच शब्द: सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, एकदम मक्खन.

या लेखात आपण सेकंड हँड बाईक टूरिंगसाठी कशी निवडायची हे टप्प्याटप्प्याने बघणार आहोत. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण गेली काही वर्षं जुन्या बाईकवरच महाराष्ट्र फिरतोय आणि मागच्या वर्षी मामेभावासाठी गाडी शोधताना ही सगळी यादी नीट लिहून काढली होती. तिचा सारांश एका वाक्यात सांगतो: पहिल्या टूरिंग बाईकमध्ये इंजिन किती सीसीचं आहे हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा, ती गाडी तुम्हाला पेलते का, ती सरळ थांबते का आणि ती कागदावर नक्की कोणाची आहे.

१. आधी वय आणि लायसन्स

मोटार वाहन कायद्यानुसार गिअरची बाईक चालवायला वय १८ पूर्ण लागतं. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी असतं, त्यामुळे टूरिंगसाठी त्याचा उपयोग नाही. म्हणजे तुम्ही १६-१७ वर्षांचे असाल, तर आत्ता पैसे साठवा, माहिती गोळा करा, पण गाडी घ्यायला थांबा.

‘गावाकडे कोण बघतंय’ असं म्हणणाऱ्यांसाठी कायद्यातलं कलम १९९-ए वाचण्यासारखं आहे. २०१९ च्या दुरुस्तीत हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. एका हौसेसाठी सात-आठ वर्षं गाडी चालवता न येणं हा फार महागडा सौदा आहे.

१८ पूर्ण झाल्यावर आधी लर्निंग लायसन्स काढायचं. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. लर्निंगवर टूर करू नका. ‘एल’ बोर्ड लावून मित्राला मागे बसवून घाट चढणं कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही.

२. सीसी किती हवी?

‘टूरिंगला कमीत कमी ३५० तरी पाहिजे’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. आता आपल्याकडचे रस्ते बघू. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावरही. मुंबईत वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतू, दोन्हीकडे बाईक नेता येत नाही. म्हणजे जिथे मोठ्या इंजिनचा वेग खरोखर कामाला आला असता, ते रस्ते आपल्यासाठी बंदच आहेत. उरतात ते जुने महामार्ग, राज्य रस्ते आणि ताम्हिणी, वरंध, आंबा, आंबोली असे घाट. तिथे ताशी ५० ते ७० किमीचा वेग पुरून उरतो. चौपदरी महामार्गावरही दुचाकीसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किमी आहे.

आता थोडं गणित. गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ६० ऐवजी ८० ने चाललात, तर वेग ३३ टक्के वाढतो, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर जवळपास ७८ टक्के वाढतं. शिवाय समोर म्हैस आली हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ८० च्या वेगात गाडी तेवढ्यात २२ मीटर पुढे गेलेली असते. सवयीचा रायडर वळणाआधीच वेग उतरवतो. नवीन रायडरला ती सवय अजून लागायची असते. म्हणून १५० ते २०० सीसी हा पहिल्या दोन वर्षांसाठी योग्य आकडा आहे. घाट चढायला दम आहे, दिवसाला २५०-३०० किमी आरामात होतात आणि चूक झाली तर सावरायला जागा राहते.

१०० ते १२५ सीसीवर टूर होत नाही का? होते, हजारो लोक करतात. फक्त मागे माणूस आणि सामान असेल, तर घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना ताकद कमी पडते आणि तिथेच घोटाळा होतो.

३. वजन: पार्किंगमधली परीक्षा

माहितीपत्रकात ‘कर्ब वेट’ नावाचा आकडा असतो. पेट्रोल-ऑइल भरलेल्या गाडीचं ते वजन. १४० किलो आणि १९५ किलो यातला फरक सरळ रस्त्यावर कळत नाही. तो कळतो खडीवर यू-टर्न घेताना, लॉजच्या उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे ओढताना आणि पावसात आडवी झालेली गाडी उचलताना.

मामेभावाचं वजन ५८ किलो. त्याला ३५० सीसीच हवी होती आणि पहिली बघितलेली गाडीही तशीच होती, चकचकीत, आवाज खणखणीत. मी त्याला एवढंच सांगितलं, ‘ही उतारावरून मागे घे आणि वळवून दाखव.’ दोन मिनिटं झटापट झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, ‘दुसरी बघू.’ वाद घालावा लागला नाही.

ही परीक्षा तुम्हीही द्या:
• गाडीवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. एकच पाय पुरत असेल, तर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये त्रास होईल.
• इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं मागे ढकला, थोड्या चढावर.
• मेन स्टँड असेल तर एकट्याने लावून बघा.
• हे सगळं सामान न लादता जड जात असेल, तर १५ किलोच्या बॅगा बांधल्यावर ती गाडी तुमच्या ताब्यात राहणार नाही.

४. एबीएस: यावर तडजोड नको

एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम. चाकाजवळचा सेन्सर चाक किती वेगाने फिरतंय हे सतत मोजतो. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होतंय असं दिसलं, की यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करते. चाक फिरत राहतं आणि गाडी घसरत नाही. घाबरल्यावर माणूस पुढचा ब्रेक पूर्ण आवळतो, नवीन रायडर तर हमखास. ओल्या रस्त्यावर जाम झालेलं पुढचं चाक म्हणजे थेट जमीन.

भारतात १२५ सीसीच्या वरच्या नवीन मॉडेल्सना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेल्सना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झालं. त्यामुळे माझा सोपा नियम: गाडी एप्रिल २०१९ नंतर बनलेली असावी. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल चॅनल म्हणजे दोन्ही चाकांना. बजेटमध्ये सिंगल चॅनल मिळालं तरी चालेल.

एबीएस खरंच चालू आहे का, हे असं तपासा. चावी ऑन केल्यावर मीटरवरचा एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. चावी ऑन केल्यावर लागतच नसेल तर जास्त सावध व्हा, बिघाड लपवायला दिव्याची वायर काढलेली असू शकते. बीएस-६ गाडीतला इंजिन चेक लाइटसुद्धा असाच: चावीला लागला पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे.

५. कोणत्या गाड्या बघाव्यात?

ही पूर्ण यादी नाही. सेकंड हँड बाजारात सहज दिसणाऱ्या आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी पार्ट मिळतील अशा काही गाड्या:

• होंडा युनिकॉर्न, बीएस-६: १६२.७ सीसी, वजन सुमारे १४० किलो, टाकी १३ लिटर. दिसायला ऑफिसला जाणाऱ्या काकांची गाडी, पण आरामशीर आणि साधी. लिटरला ४५ किमी धरले तरी एका टाकीत ५८५ किमी.
• यामाहा एफझेड-एस, व्हर्जन ३: १४९ सीसी, सुमारे १३७ किलो, टाकी १३ लिटर. या यादीत पहिल्यांदा चालवणाऱ्याला सर्वात सोपी. महामार्गावर मात्र दम थोडा कमी.
• सुझुकी जिक्सर: १५५ सीसी, सुमारे १४१ किलो, टाकी १२ लिटर. वळणांवर छान बसते.
• टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० ४व्ही: पिकअप चांगला, वजन १४५ किलोच्या आसपास. पण पोरांनी पिदडलेल्या गाड्या जास्त मिळतात, म्हणून तपासणी कडक करा.
• हिरो एक्सपल्स २००: २०१९ पासून बाजारात. वजन १५७ किलोच्या आसपास, सस्पेन्शन लांब, खराब रस्त्याला उत्तम. सीटची उंची ८२० मिलिमीटरच्या वर, त्यामुळे उंची कमी असेल तर आधी बसून बघा.

आणि रॉयल एनफिल्ड? जुनी ४११ सीसीची हिमालयन २०१६ ते २०२३ दरम्यान विकली गेली. टूरिंगसाठी चांगलीच गाडी, पण वजन १९० ते २०० किलो. क्लासिक ३५० सुद्धा १९५ किलोच्या घरात. ज्याने आधी दोन वर्षं हलकी गाडी चालवली आहे, त्याच्यासाठी या गाड्या ठीक. पहिली गाडी म्हणून नको.

६. गाडी बघायला जाण्याआधी मोबाईलवर तपासा

विक्रेत्याकडून नंबर प्लेटचा आणि आरसीचा फोटो मागवा. एमपरिवहन ॲप किंवा परिवहन सेवाच्या वेबसाइटवर नंबर टाकून या गोष्टी बघा:

• नोंदणीची तारीख आणि आरसीवरचा बनवल्याचा महिना-वर्ष. जाहिरातीत ‘२०२१ मॉडेल’ लिहिलेली गाडी २०१९ ची निघू शकते.
• मालक कितवा. ‘सिंगल ओनर’ म्हणणाऱ्याची गाडी तिसऱ्या हाताची असेल, तर बाकीच्या दाव्यांवरही विश्वास ठेवू नका.
• गाडीवर कर्ज आहे का. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘हप्ते संपलेत, फक्त नाव काढायचं राहिलंय’ हे ऐकलं, तर आधी नाव काढा, मग पैसे घ्या, असं सांगा.
• विमा आणि पीयूसीची मुदत. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे ॲपवर विमा चालू दिसला, तरी तो फक्त थर्ड पार्टीचा असू शकतो. पॉलिसी स्वतः उघडून वाचा.
• थकलेली ई-चलनं. विक्रेत्याला समोर बसवून तपासा आणि त्याच्याकडूनच भरून घ्या.
• हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बसवावी लागते.

दुसऱ्या राज्याचं पासिंग असलेली गाडी स्वस्त दिसते. पण फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नवीन नंबर हे सगळं जोडलं की स्वस्ताई उडून जाते. पहिल्याच गाडीत ही डोकेदुखी नको.

एक इशारा पैशांबद्दल. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, गाडी कुरियरने पाठवतो, टोकन टाका’ ही जुनी फसवणूक अजूनही चालते. गाडी हात लावून बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त पाठवताना लागतो.

७. प्रत्यक्ष तपासणी: वीस मिनिटं, मोबाईलचा टॉर्च आणि एक फडकं

विक्रेत्याला आधीच सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन बरेच दोष लपवतं. पोहोचल्यावर इंजिनजवळ हात नेऊन बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. दिवसाउजेडी बघा, पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या अवस्थेत नको.

चासी नंबर: हँडलखाली फ्रेमवर कोरलेला असतो. फोटो काढून झूम करा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. घासल्याची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा.

अपघाताच्या खुणा: हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवा. ते जिथे अडतं, तिथे फ्रेमवर छोटे स्टॉपर असतात. समोरून जोरात धडकलेल्या गाडीत हे वाकलेले किंवा चेपलेले असतात. रंग नवीन मारता येतो, हे सहसा कोणी दुरुस्त करत नाही. मामेभावाने बघितलेली दुसरी गाडी आम्ही याच एका खुणेवर सोडली. बाकी गाडी सुंदर होती. फ्रेमवर कुठे वेल्डिंग केलंय का बघा. मागे उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का तेही बघा.

पुरात बुडालेली गाडी: २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण, अशा महापुरांत कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. सीट काढून वायरिंगच्या जोडांमध्ये वाळलेला गाळ, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, सीटखाली नको तिथे गंज दिसतो का बघा. इंजेक्शनच्या गाडीत वायरिंगचा दोष म्हणजे घाटात मध्येच बंद पडणं.

ऑइल: झाकण उघडा किंवा काच असेल तर त्यातून बघा. काळं ऑइल म्हणजे बदलायला झालंय, एवढंच. दुधाळ फेस दिसला तर आत पाणी गेलंय.

पुढचे शॉकअप: नळ्यांवर फडकं फिरवा. ऑइल लागलं तर सील गेलेत. मग पुढचा ब्रेक धरून गाडी मागे-पुढे हलवा. हँडलपाशी ‘टक टक’ जाणवली तर कोनसेट गेलाय.

चेन-स्प्रॉकेट: मागच्या स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे एका बाजूला वाकलेत का बघा. तसं असेल तर पूर्ण सेट बदलावा लागेल. हा खर्च घासाघीस करताना धरा.

टायर: बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली असली, तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं आणि पावसात पकड सोडतं.

किलोमीटर: मीटर मागे फिरवता येतो, झीज फिरवता येत नाही. १२,००० किमी दाखवणाऱ्या गाडीचे फूटरेस्टचे रबर गुळगुळीत, गिअर लिव्हर झिजलेला आणि डिस्कला काठावर कंगोरा आलेला असेल, तर हिशोब जुळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची बिलं मागा, त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

आता इंजिन सुरू करा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघून थांबली तर काळजी नको. मल्टिमीटर असेल तर बॅटरी बघा: इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १४ च्या आसपास.

८. ट्रायल

ट्रायल घरातल्या किंवा ओळखीच्या अनुभवी माणसाला घेऊ द्या, मग तुम्ही घ्या. हेल्मेट, लायसन्स आणि गाडीचा चालू विमा हवाच. दहा मिनिटांत हे जाणवलं पाहिजे: सगळे गिअर न अडकता पडतात का, एक्सीलेटर दिल्यावर नुसता आवाज वाढून गाडी जागच्या जागी तर राहत नाही ना (क्लच प्लेट गेली), सरळ रस्त्यावर हँडल एका बाजूला ओढतं का आणि पुढचा ब्रेक हळू दाबल्यावर लिव्हर बोटाखाली धडधडतो का (डिस्क वाकली). जमलं तर ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याचे तीनशे-पाचशे रुपये हा या व्यवहारातला सर्वात स्वस्त विमा आहे.

९. गाडी नावावर करणं

नोंदणीच्या कागदांवर ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून सह्या करून ठेवलेले कोरे फॉर्म घेऊन वर्षभर गाडी फिरवणं दोघांसाठीही धोक्याचं. ट्रान्सफरसाठी मुख्य कागद दोन: फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. थोडी रक्कम ट्रान्सफर होईपर्यंत बाकी ठेवा, तसं लिहून घ्या आणि गाडी ताब्यात घेतल्याची तारीख-वेळ दोघांच्या सहीने नोंदवा.

१०. विमा: बहुतेक घरांत सुटणारा मुद्दा

आपल्याकडे गाडी सहसा बाबांच्या नावावर घेतली जाते आणि चालवतो मुलगा किंवा मुलगी. इथे एक गोची आहे. विम्यासोबतचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा ‘ओनर-ड्रायव्हर’साठी असतो, म्हणजे आरसीवर नाव असलेल्या आणि लायसन्स असलेल्या मालकासाठी. गाडी बाबांच्या नावावर आणि अपघात तुमचा झाला, तर हे कव्हर तुम्हाला लागू होत नाही. थर्ड पार्टी विमा तर समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. थोडक्यात, ज्याच्यासाठी गाडी घेतली तोच उघड्यावर.

यावर उपाय दोन. तुम्ही १८ वर्षांचे असाल तर गाडी तुमच्याच नावावर घ्या. किंवा बाबांच्या नावावर ठेवायची असेल, तर तुमच्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. त्यात दुचाकी अपघात धरलाय ना, हे वाचून घ्या.

जुन्या मालकाचा चालू विमा असेल तर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून तो नावावर करून घ्या. नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र त्याच्याकडेच राहतो. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

११. बजेट कसं वाटायचं?

सगळे पैसे गाडीत घालू नका. माझी वाटणी ७०-१५-१५. एकूण ८०,००० असतील तर:

• ५६,००० पर्यंत गाडी.
• १२,००० पहिली दुरुस्ती: ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, गरज असेल तर चेन सेट आणि एक टायर. विक्रेता काहीही म्हणो, टूरआधी हे कराच.
• १२,००० अंगावरच्या वस्तू, ट्रान्सफर आणि विमा. आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट. उरलं तर गुडघ्याचे गार्ड. जॅकेट पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल, हेल्मेट आजच.

हेल्मेट कधीच सेकंड हँड घेऊ नका. आतला थर्मोकोलचा थर एकदा आपटला की दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

१२. मोबाईल कुठे लावायचा?

चांगले कॅमेरे असलेल्या फोनमध्ये फोटो न हलण्यासाठी लेन्सचा भाग सूक्ष्म हालचाल करतो. त्याला ओआयएस म्हणतात. बाईकच्या इंजिनाच्या सततच्या कंपनांनी तो बिघडू शकतो. ॲपलने २०२१ मध्ये आयफोनबद्दल तसा इशाराच दिला होता. म्हणून माउंट घेताना कंपन शोषणारा घ्या किंवा फोन खिशात ठेवून इअरफोन न लावता आधीच रस्ता बघून घ्या. यूएसबी चार्जर बसवताना फ्यूज लावायला सांगा आणि चावी बंद झाली की तोही बंद होईल असं कनेक्शन करून घ्या, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली असेल. घाटांत रेंज जाते, त्यामुळे ऑफलाइन मॅप निघण्याआधी डाउनलोड करा.

१३. गाडी घेतल्यावर लगेच लांब जाऊ नका

सेकंड हँड गाडीचे लपलेले दोष पहिल्या ५०० किमीत बाहेर येतात. ते घराजवळ येऊ द्या. आमच्याकडे असं ठरलं होतं: पहिला आठवडा गावातल्या गावात, मग साताऱ्याहून कास, म्हणजे एका बाजूने जेमतेम २५ किमी, मग एका दिवसात जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किमी आणि त्यानंतर पहिला मुक्काम. प्रत्येक वेळी परत आल्यावर चेन, टायरची हवा आणि इंजिनखाली ऑइलचे थेंब बघायचे. कासहून उतरतानाच मागच्या ब्रेकचे शू संपत आल्याचं कळलं, दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मेकॅनिकने बदलून दिले. हेच कोकणात उतरताना कळलं असतं, तर खाली पोहोचेपर्यंत जीव मुठीत धरावा लागला असता.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डीलरकडून घ्यावी की थेट मालकाकडून? थेट मालकाकडून घेतली तर गाडी कशी वापरली हे समोरासमोर कळतं आणि किंमतही बसते. डीलरकडे कागदपत्रांची धावपळ कमी. तपासणी दोन्हीकडे तीच करायची.

मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी का? मोठा सायलेन्सर, कापलेला मडगार्ड, बदललेलं वायरिंग दिसलं तर सोडा. मूळ अवस्थेतली साधी गाडी टूरिंगला जास्त भरवशाची.

१५ वर्षं जुनी गाडी स्वस्त मिळतेय, घेऊ का? दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. शिवाय एवढ्या जुन्या गाडीत एबीएस मिळायचं नाही. पहिल्या टूरिंगसाठी नको.

दोन गाड्यांमध्ये अडकलो तर? ज्या गाडीची सर्व्हिसची बिलं आहेत आणि जी तुम्ही एकट्याने उतारावरून मागे घेऊ शकता, ती घ्या. रंग आवडला नाही तरी चालेल.